आबांचा पाट आणि बोरघाट

घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठं निघालात?’ असं विचारू नये, हे आमच्या मावळात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी ते विचारल्याशिवाय एकालाही राहवत नाही. ‘लांब निघालात का?’ असं विचारलं तर चालतं. ‘कुठं’ म्हटलं की टोकलं. मग टोकलेल्या माणसानं मागं फिरावं, घरी येऊन घटकाभर टेकावं, घोटभर पाणी प्यावं आणि नव्यानं निघावं. बहुतेक लोक हे मानतात, म्हणजे मनातल्या मनात जरा चरकतात आणि पुढं जातात. आमचे आबा खरोखर मागं फिरत.

दत्तोबा आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आमच्या मळवलीच्या घरात आबांचाच शब्द चाले. तरुणपणी ते चाकणच्या बाजाराला बैल आणायला निघाले होते. वेशीत कुणीतरी ‘कुटं?’ म्हणून विचारलं, आबा हसून पुढं गेले, आणि बैल असा निघाला की नांगराला जुंपला की पहिल्याच तासाला खाली बसायचा. नांगर सोडला की आपला आपण उठायचा. त्या बैलानं आबांना जे शिकवलं ते पुढं कुणालाही त्यांच्या डोक्यातून काढता आलं नाही. मी कार्ल्याच्या शाळेत मास्तर. दिवसभर पोरांना शिकवायचो, आणि घरी मात्र मुकाट्यानं उंबऱ्याशी बसून पाणी प्यायचो.

एरवी माझी तक्रार नव्हती. पण त्या दिवशी आम्ही खोपोलीला मुलगी बघायला निघालो होतो.

मुलगी मी आधीच पाहिली होती. चैत्रात एकवीरेच्या जत्रेत शाळेची पोरं सांभाळत मी डोंगराच्या पायऱ्यांवर उभा होतो. वरून एक नारळ टणाटण उड्या मारत खाली आला. मी तो झेलला. पोरांनी “मास्तर! मास्तर!” म्हणून गिल्ला केला. नारळामागून एक मुलगी धावत आली, तिनं मला खालवर बघितलं आणि म्हणाली, “झेल चांगला घेतला, मास्तर. पन नारळ देवीचा हाय, तुमचा न्हाई. द्या हिकडं.” नारळ घेऊन ती वर गेली आणि मी तसाच आ वासून, हात पुढं करून उभा राहिलो. तिचं नाव नंदा, ती खोपोलीच्या भिमाजींची मुलगी, हे मी कसं शोधून काढलं ते सांगत बसत नाही. मला तीच बायको हवी होती. दुसरी कुठलीही मुलगी दाखवली असती तरी मी तिच्यात खोड काढली असती.

अडचण अशी की भिमाजींकडं आणखी एक स्थळ आलं होतं. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतलं. भातगिरणी असलेलं घर. भिमाजी सरळ माणूस. त्यांनी दोन्हीकडं एकच निरोप धाडला होता. मार्गशीर्षातला हा शेवटचा चांगला दिवस, पुढं पौष लागला की कुणी सुपारी फोडत नाही. मळवलीच्यांनी सकाळी यावं, गिरणीवाल्यांनी दुपारी. सकाळच्यांशी जुळलं तर सकाळीच सुपारी फुटेल, नाहीतर दुपारी. कुणीतरी एक ठरेल आणि पोरगी पौषभर टांगणीला राहणार नाही. म्हणजे आम्ही सकाळी पोचलो नाही, तर माझ्या सुपारीचे तुकडे गिरणीवाल्याच्या तोंडात.

सकाळची गाडी धरायची, कर्जतला बदलायची आणि खोपोलीला उतरायचं, असा बेत होता. स्टेशन आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी, आबा आणि माझी आई सरुबाई, तिघं नवे कपडे घालून निघालो. वाटेत धोंडाबाई गोवऱ्या थापत होती. शेणाचे हात तसेच वर करून ती ओरडली, “अगं बया! येवढं नटूनथटून कुटं?”

आबा जागच्या जागी थांबले. आई चटकन म्हणाली, “झालं.” ती आबांची भावजय, थोरल्या दिराशी सरळ बोलायची नाही. पदर डोक्यावर ओढून ती मला म्हणाली, “सांग तुज्या आबास्नी, गाडीची वेळ झालीया.” आबा मला म्हणाले, “सांग तुज्या आईला, बैल आटवतोय का म्हनावं.” मधे उभा राहून मी कुणालाच काही सांगितलं नाही. घरी गेलो, उंबऱ्याशी बसलो, पाणी प्यालो. पाणी पिताना गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मग ती गेल्याचीही.

पण देवाला माझी दया आली असावी. आईचा चुलतभाऊ रखमाजी, म्हणजे माझा मामा, लोणावळ्याला एका मुंबईच्या शेटच्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. शेट आगगाडीनं मुंबईला परतला होता आणि त्याची मोटार मामाला खाली न्यायची होती. मुक्कामाला तो आदल्या संध्याकाळी मोटार घेऊनच मळवलीत आला होता. आमची तोंडं बघून तो म्हणाला, “मी रिकामाच चाललोय. घाटानं नेतो तुमास्नी. आगगाडीच्या आधी पोचवतो.” मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो.

मोटार मोठी होती, उघडी, वर दुमडलेलं टप आणि बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. कातड्याच्या गाद्यांवर आई अशी अवघडून बसली की जणू तिला मोटारीत नव्हे, कोर्टात आणून बसवलीय. आबा पुढं मामाच्या शेजारी. पागोटं घट्ट, मिशी वर. मी मागं आईजवळ. लोणावळ्यापर्यंत सगळं झकास झालं.

लोणावळ्याच्या बाजारात गुडदाणीवाल्याच्या, म्हणजे चिक्कीवाल्याच्या, दुकानापुढं गर्दीत मोटार हळू झाली. दुकानदार आबांचा जुना ओळखीचा. “राम राम आबा! मोटारीतनं? कुटं निघाला?”

आबा मामाकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, “घरी घे.”

आम्ही परत मळवलीला आलो. हे मी आज सहज लिहितोय, पण तेव्हा मला काय वाटलं ते माझं मला माहीत. पुन्हा उंबरा, पुन्हा पाणी. मामा बाहेर मोटारीला पाठ लावून उभा होता. तो म्हणाला, “आबा, तुमी वडीलधारं, पन येक सांगतो. आता टोकलं तर मी परत यायचा न्हाई. मोटार आज ममईला पोचली पायजे.”

आबांना ते पटलं. आबा अडेल होते, पण अन्याय करणारे नव्हते. ते आत गेले आणि बाहेर आले ते एका हातात आमच्या स्वयंपाकघरातला पाट आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली कळशी घेऊन. “घरचा पाट, घरचं पानी. वाटंत कुनी टोकलं तर हितंच बसायचं. घरी गेल्यावानीच.” मला तर हा तोडगा इतका आवडला की आबांना मिठी मारावीशी वाटली. पुढं काय होणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

लोणावळ्याचा बाजार मामानं भोंगा वाजवत एका दमात पार केला. खंडाळा मागं पडलं आणि रस्ता एकदम खाली वाकला. उजव्या अंगाला दरी उघडली. पलीकडं राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले उन्हात आले होते आणि खाली अजून धुकं. डोंगराच्या अंगावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं, मधूनच एखादा झरा बारीक झालेला. मामानं गिअर टाकला, इंजिन कण्हायला लागलं आणि मोटार आपलं अंग सावरत वळणामागून वळण उतरायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा घाट आगगाडीच्या बोगद्याबाहेरून बघत होतो. आईसुद्धा गादीला टेकून बसली.

पुढच्याच वळणावर खडी फोडणाऱ्या बाया होत्या. मोटारीला रस्ता द्यायला त्या उठल्या आणि त्यातली एक हसत म्हणाली, “मावशे, लुगडं लय भारी! कुटं लगीन?”

“टोकलं,” आबा म्हणाले. “मागं घे.”

“आबा, पाट हाय की. हितंच बसा.”

“पाट हाय म्हनून काय झालं? थोडं तरी मागं फिराया नगं? जिथल्या तिथं बसून काय मागं फिरल्यासारकं व्हतंय?”

“घाटात मोटार फिरत न्हाई, आबा.”

यावर आबांनी जे उत्तर दिलं त्याला तोड नव्हती. ते म्हणाले, “इंग्रजाची येवढी मोटी आगगाडी ह्याच घाटात रिव्हर्सिंगला जाऊन मागं फिरत व्हती. सगळे डबे घेऊन! आन तुजी येवढीशी मोटार फिरत न्हाई?”

खरंच होतं ते. नवा मार्ग होईपर्यंत घाटात गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसरीकडं लागायचं आणि गाडी उलट तोंडानं पुढं जायची. आबांनी आयुष्यभर तसाच प्रवास केला होता. रेल्वे आपल्यासारखीच टोकलं की फिरते, अशी त्यांची बहुतेक समजूत होती. मामानं मान बाहेर काढून, दात आवळून, मोटार उलटी वर घेतली. आईनं डोळे मिटले आणि एकवीरेचं नाव घ्यायला सुरुवात केली. मागच्या वळणापर्यंत गेल्यावर आबा म्हणाले, “बास.” मग रस्त्याच्या कडेला पाट मांडला. आबा बसले, पाणी प्याले. आई बसली, प्याली. मी बसलो, प्यालो. “तू बी,” आबा मामाला म्हणाले. शेटची खाकी टोपी घातलेला मामा बोरघाटात पाटावर बसला आणि पाणी प्याला. खडी फोडणाऱ्या बाया कामं सोडून बघत होत्या.

आणि इथून खरी गंमत सुरू झाली. गंमत आज म्हणतो. थंडीचे दिवस, सकाळपासून आम्हा तिघांच्या पोटात तीन खेपांचं पाणी. दोन वळणं उतरलो नाही तोच आबा म्हणाले, “जरा थांबव.” थांबलो. आबा झुडपाआड गेले. मोटार उभी दिसली की घाटातलं माणूस पुढं जात नाही. मोळीवाला आला, थबकला, मोटारीकडं बघितलं, माझ्या फेट्याकडं बघितलं.

“लांब निघालोय!” मी त्यानं तोंड उघडायच्या आत ओरडलो. “खूप लांब!”

“खूप लांब म्हंजी कुटं?” मोळीवाला म्हणाला.

झुडपातून आबांचा आवाज आला, “टोकलं!”

पाट, पाणी, पुढं. पाण्यामुळं थांबणं, थांबल्यामुळं टोकणं, टोकल्यामुळं पाणी. मी मास्तर असून यातून सुटायचं गणित मला सुटेना. ऊन वर चढत होतं. खोपोलीत आता भिमाजी ओसरीवर सतरंजी झटकत असतील, मला वाटलं, आणि गिरणीवाले बैलांच्या शिंगांना तेल लावत असतील.

मामानं मग नवा उपाय काढला. माणूस दिसला की भोंगा दाबायचा आणि तो मागं पडेपर्यंत सोडायचाच नाही. कुणी काही विचारलं तरी ऐकूच येणार नाही. काही वळणं हे छान चाललं. मग एक धनगर आपली शेरडं घेऊन रस्त्याच्या मधोमध भेटला. शेरडं भोंग्याला घाबरून बाजूला व्हायच्याऐवजी मोटारीभोवती गोळा झाली. मामा भोंगा दाबतोय, शेरडं ओरडताहेत, धनगराचे ओठ हलताहेत.

“त्याचं त्वांड हललं,” आबा म्हणाले. “इचार त्याला, काय म्हनला.”

“आबा, कशाला उगाच...”

“इचार!”

मामानं भोंगा सोडला. मी विचारलं. धनगर म्हणाला, “मी म्हनलं, भोंगा कशापायी वाजवताय, जनावरं भ्यात्यात. बाकी कायबी न्हाई.” आम्ही सुटलो म्हणून मी श्वास सोडला. “आन व्हय,” धनगर पुढं म्हणाला, “चाललाय कुटं येवढ्या घाईनं?”

घाटाची वाट राखणाऱ्या शिंग्रोबाच्या देवळाशी मोटार थांबलीच. तिथं तर घाट उतरणारं प्रत्येक चाक थांबतं. मामानं नारळ वाढवला. आबा कळशी हलवून बघत होते. ती रिकामी झाली होती. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मोटारीच्या इंजिनासाठी मामानं ठेवलेल्या पाण्याच्या डब्याकडं त्यांची नजर गेली.

तेव्हा आई उठून उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आबांशी सरळ बोलली.

“भावजी,” ती म्हणाली, “पुरं झालं आता. ह्याचा बाप गेला, तुमी त्याला लेकरावानी वाढवला, ते मी मरस्तवर इसरनार न्हाई. पन आज तुमी माज्या पोराचं लगीन पान्यात बुडवताय.”

आबा मोटारीतल्या पाटाकडं बघत राहिले. मला वाटलं चिडले, पण त्यांचा चेहरा बघितला तर म्हातारा नुसता घाबरलेला होता. “सरुबाई,” ते हळूच म्हणाले, “ह्याचं वाईट व्हऊ नये म्हनून तर करतोय. बैल असता तर येक येळ सोडून दिलं असतं. पोराचं नशीब हाय.”

मला दोघांचीही कीव आली, आणि माझी सगळ्यात जास्त. मग मीच म्हणालो, “आबा, टोकलेलं ऐकूच आलं नाही तर दोष लागतो का?” आबांनी विचार केला. बराच केला. शेवटी म्हणाले, “ऐकलंच न्हाई तर लागायचा न्हाई.” आम्ही आबांच्या पागोट्याचा शेव सोडला, दोन्ही कानांवरून घट्ट फिरवला आणि हनुवटीखाली गाठ मारली. मी त्यांच्यामागं उभा राहून जोरात “आबा!” म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. आई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

मग मोटार उतरली म्हणजे काय उतरली! समोर खोपोलीकडच्या वीजघराचे जाडे नळ डोंगरावरून सरळ खाली गेलेले, त्यांच्या तळाशी घरं चिमुकली. हवा बदलत गेली, थंडी जाऊन कोकणातली ऊब अंगाला लागायला लागली, सागाची पानं रस्त्यावर आली. वाटेत लाकूडतोड्यांनी विचारलं, गाडीवानांनी विचारलं, ‘कुठं, कुठं’ करत एक म्हातारी मोटारीमागं धावलीसुद्धा. आबांना पत्ता नव्हता. कानावरचं ओझं गेल्यानं ते लहान मुलासारखे खुश झाले होते, डावीउजवीकडं बघत दिसेल त्याला हात हलवत होते.

शेवटच्या वळणावर, जिथं पायथ्याच्या वाडीची वाट घाटरस्त्याला मिळते, तिथून एक बैलगाडी बाहेर पडत होती. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीत नवं घोंगडं, त्यावर गुलाबी फेट्याचा एक तरणा पोरगा आणि पुढं पांढऱ्या मिशांचा म्हातारा. गाडी रस्त्यावर यायला मामा थांबला. म्हाताऱ्यानं आबांकडं बघून मान लववली.

आबा मुळात मोठे बोलके. घाटात सकाळपासून त्यांना कुणाशी धड बोलता आलं नव्हतं. कान बांधलेले, त्यामुळं आवाज दुप्पट. ते पुढं झुकले आणि दरीत घुमेल असं म्हणाले, “राम राम पाव्हणं! बैलं लय देखनी! कुटं निघाला?”

मी आबांचा सदरा ओढला, पण फार उशीर झाला होता. म्हाताऱ्याचा चेहरा कसनुसा झाला. त्यानं कपाळावर हात मारला, कासरा ओढला आणि गाडी वळवली. गुलाबी फेट्याचा पोरगा “आजा, आजा” करत काहीतरी विनवत होता. म्हातारा ऐकत नव्हता. गाडी वाडीकडं परत गेली.

“भली मानसं दिसत्यात,” आबा आम्हाला म्हणाले आणि बसले.

भिमाजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. आम्हाला बघून ते धावत खाली आले. सकाळ कधीच सरली होती. “अवो, तुमची वाट बघून दमलो. सकाळचे तुमी आला न्हाईसा, दुपारचे ते अजून पोचलं न्हाईत. मला वाटलं, पोरीची दोनी स्थळं एकाच दिवशी गेली.” सतरंजीवर बसलो. मामानं आबांच्या हनुवटीखालची गाठ सोडली. इतक्यात गिरणीवाल्यांकडं धाडलेला गडी धापा टाकत आला. “येत्यात, येत्यात,” तो म्हणाला. “निघालं व्हतं, पन घाटाच्या तोंडाशी कुना मोटारीतल्या म्हाताऱ्यानं टोकलं. मागं फिरलं. आता पानी पिऊन येत्यात.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण आबा उठून उभे राहिले.

“भिमाजी,” ते म्हणाले, “त्यो म्हातारा मी.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. धोंडाबाई, गुडदाणीवाला, पाट, रिव्हर्सिंग, धनगर, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाले, “त्यास्नी मागं फिरवलं ते मी. ते येतील तवर तुमी सुपारी फोडू नगा. पयला मान त्यांचा.”

मला रडू यायचं बाकी राहिलं. सकाळपासून त्या माणसानं माझं लग्न पाण्यात घातलं होतं, आणि आता किनाऱ्याला लागल्यावर त्यानं ते स्वतःच्या हातानं परत ढकललं. आणि वाईट म्हणजे मला त्याचा रागही धड येईना, कारण तो बोलला ते सरळ होतं. भिमाजी मिशीवर हात फिरवत विचारात पडले.

मधल्या दाराच्या आडून हसू आलं. दाबलेलं, पण आवरलं नाही असं. मग नंदाचा आवाज आला, “बा.”

“गप गं,” आतून तिच्या आत्यानं तिला ओढलं असावं.

“बा, म्या बोलू? ते येकदा टोकलं तर गाडी वळवून घरी गेलं. ह्यास्नी आख्ख्या घाटानं टोकलं, तरी ही मानसं आली. मला ही मानसं बरी.” थोडं थांबून ती म्हणाली, “आन मास्तरास्नी सांगा, नारळ झेलला व्हता तसं तोंड उघडं टाकून बसू नका.”

मी तोंड मिटलं. भिमाजी पोट धरून हसले आणि हसता हसताच त्यांनी सुपारी मागवली. आबा काही म्हणायला गेले, तर भिमाजी म्हणाले, “आबा, मान त्यांचा, पन पोरगी माजी.” सुपारी फुटली. गूळ वाटला जात असतानाच अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पांढऱ्या मिशांचा म्हातारा गाडीतून उतरला, त्यानं गूळ बघितला, मग आबांना बघितलं. आबांनी पुढं होऊन हात जोडले. म्हाताऱ्यानं गूळ घेतला, पाणी प्याला, पण जाताना आबांकडं असं बघून गेला की मी म्हटलं, हा हे विसरायचा नाही.

माघात लग्न झालं. शेटची मोटार पुन्हा वर न्यायची होती, म्हणून मामानं वरात तिच्यातूनच आणली. पुढं आबा आणि मामा, मागं आई, मी आणि मधे नंदा. ती खोपोली सुटल्यापासून रडत होती. माझ्याकडं बघत नव्हती, आईनं पाठीवर हात फिरवला तरी थांबत नव्हती. मास्तर असून मला चार शब्द सुचेनात. आबांच्या पायाशी पाट होता आणि मांडीवर कळशी. सुनेच्या पहिल्या प्रवासाला काही कमी पडू नये म्हणून.

घाटाच्या पायथ्याशी, त्याच वळणावर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसला होता. सकाळपासून बसला असावा. मोटार दिसताच तो उठला, रस्त्याच्या मधे आला, दोन्ही हात जोडले आणि गोड हसून म्हणाला, “राम राम पाव्हणं! कुटं निघाला?”

मामाचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. आबांचा चेहरा उतरला. आता थोडं जरी मागं फिरायचं म्हणजे नवरीचं तोंड परत बापाच्या दाराकडं. पुन्हा निरोप, पुन्हा सगळं रडणं. आई पुटपुटली, “न्हाई भावजी, न्हाई.” पण आबांचा हात पाटाकडं गेला होता.

नंदानं शालूचा पदर मागं सारला. डोळे लाल, नाक लाल. म्हाताऱ्याकडं बघून ती म्हणाली, “घरी चाललोय, बाबा.”

आबांचा हात तिथंच थांबला. त्यांनी वळून तिच्याकडं बघितलं, मग पाटाकडं, मग पुन्हा तिच्याकडं. “खरंय,” ते म्हणाले. “घरी जानाऱ्याला कशाचं टोकनं?” त्यांनी कळशी उचलली आणि सगळं पाणी रस्त्याकडेच्या झुडपाच्या बुडाशी ओतून टाकलं. म्हातारा हसत बाजूला झाला, मामानं गिअर टाकला आणि मोटार वर चढायला लागली.

आबा पुढं तोंड करून बसले होते, पण पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते हे मला मागून दिसत होतं. माझंही फार वेगळं चाललं नव्हतं. आमचं मळवलीचं घर नंदानं तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.